पसारा : काढणे आणि जपणे

उत्साही : ज्या वस्तूला घरात ठरलेली जागा नाही, किंवा जागा आहे पण कित्येक वर्षांत जिला हात लागलेला नाही, ती वस्तू म्हणजे पसारा. वस्तू थोड्या असोत वा पुष्कळ, ही व्याख्या लागू पडते. मोठ्या वाड्यात शेकडो वस्तू नीट नांदतात, तर दोन खोल्यांच्या घरात थोड्याशा वस्तूंनीही चालायला वाट उरत नाही. मुंबईत हा प्रश्न चौरस फुटांतच मोजता येतो. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर मिळू लागले. पुढे ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांपर्यंत गेले. एवढ्या जागेत एक जास्तीचे कपाट आले की एका माणसाची झोपायची जागा जाते. आवराआवर ही ऐसपैस घरांतल्या लोकांची हौस समजली जाते, पण तिची खरी गरज लहान घरांना आहे.

हे काम वाटते तेवढे अवघड नाही. सुरुवात चुकीच्या ठिकाणी होते म्हणून ते अवघड होऊन बसते. बहुतेक घरांत आवरायला घेतले की आधी माळा उतरवतात. माळ्यावर आजीची ट्रंक, मुलांच्या जुन्या वह्या, लग्नात आलेली भांडी. पहिली ट्रंक उघडली की अख्खी दुपार तिच्यातच जाते आणि संध्याकाळी सगळे होते तसे परत वर चढते. जपानच्या मारी कोंडो यांच्या पद्धतीत म्हणूनच क्रम ठरलेला आहे : आधी कपडे, मग पुस्तके, मग कागद, मग किरकोळ वस्तू आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी. ज्यात मन गुंतलेले नाही अशा वस्तूंवर निर्णयाची सवय झाली की अवघड वस्तूंपाशी पोचेपर्यंत हात तयार झालेला असतो. कोंडो खोलीवार आवरू देत नाहीत. एका जातीच्या सगळ्या वस्तू घरभरातून एका जागी आणायला लावतात. स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे आणि झाकणे एकदा जमिनीवर मांडली की झाकण नसलेले डबे आणि डबा नसलेली झाकणे आपोआप बाजूला पडतात. त्यासाठी कोणाला काही पटवून द्यावे लागत नाही.

वेळ कमी असेल तर याहून लहान तुकडा घ्यावा. एक खण, पाव तास. घड्याळ लावावे आणि वेळ संपली की थांबावे. खणातले सारे बाहेर काढून तीन ढीग करावेत : राहणारे, जाणारे, नंतर ठरवायचे. पहिला ढीग आत ठेवावा, दुसरा पिशवीत भरून दाराशी न्यावा, तिसरा खोक्यात घालून खोक्यावर तारीख लिहावी. सहा महिन्यांत ज्यासाठी खोके उघडावे लागले नाही, त्याविना घर चालते हे सिद्ध झाले.

साशंक : सोप्या युक्त्यांची ही यादी नवी नाही आणि ती देणाऱ्यांचा अनुभवही पाहायला हवा. कोंडो यांचे पुस्तक २०१४मध्ये इंग्रजीत आले, २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली, आणि जगभर लोकांनी कपड्यांच्या घड्या उभ्या घालायला सुरुवात केली. तिसरे मूल झाल्यावर, २०२३मध्ये, त्यांनीच सांगितले की घर टापटीप ठेवण्याचा हट्ट आता बराचसा सोडला आहे, मुलांबरोबरचा वेळ जास्त मोलाचा वाटतो. हा त्यांचा पराभव मानण्याचे कारण नाही. पण घरात माणसे वाढली, आजारपण आले, परीक्षा आल्या की घर पसरतेच. पसरलेल्या घराचे कारण दर वेळी आळस असतो असे नाही.

मुख्य हरकत मात्र वेगळी आहे. सहा महिने न उघडलेले खोके टाकून द्या, या सल्ल्यामागे एक गृहीत आहे : लागले तर पुन्हा घेता येईल. ज्याच्या हातात दर महिन्याला खेळता पैसा आहे त्याचे कोठीघर बाजारात असते. ज्याच्याकडे तो नाही त्याला कोठीघर घरातच सांभाळावे लागते. जुने लुगडे गोधडीसाठी, मऊ धोतर बाळाच्या दुपट्यासाठी, गंजका बोल्ट, अर्धा तुटलेला पाट, कुकरची जुनी शिट्टी, यातले प्रत्येक ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले असते. ज्या पिढीने १९७२चा दुष्काळ पाहिला, रेशनच्या रांगेत उभे राहून धान्य आणले, तिला वस्तू टाकणे जड जाते. तो तिच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. त्याला सवयीचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल.

उत्साही : हा आक्षेप मान्य करावा लागतो, पण तो ‘वापरासाठी ठेवलेल्या’ वस्तूंनाच लागू होतो. गोधडीसाठी लुगडी साठवणाऱ्या घरात गोधडी शिवणारे हात होते. भर उन्हाळ्यात दुपारी शेजारणी जमत, लुगड्यांचे थर लावून टाके घालत. आज पुष्कळ घरांत लुगड्यांचा गठ्ठा तसाच आहे आणि शिवणारे हात राहिलेले नाहीत. तिथे गोधडीचे नाव घेऊन गठ्ठा ठेवणे म्हणजे कापडाला कुबट वास लागेपर्यंत वाट पाहणे. वस्तू उपयोगी आहे का, एवढा प्रश्न पुरत नाही. ती उपयोगात आणणारे कोण, आणि कधी, हेही ठरायला हवे. दोन्हींची उत्तरे मिळाली तर ती वस्तू पसारा नाही.

शिवाय जवळ असलेल्या वस्तूची किंमत माणूस वाढवून धरतो, हे प्रयोगाने दिसलेले आहे. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि ते विकायचे तर काय घ्याल असे विचारले. बाकीच्यांना तेच मग विकत घ्यायचे तर काय द्याल असे विचारले. मग हातात असलेल्यांनी सांगितलेली किंमत दुसऱ्यांच्या दुपटीहून अधिक होती. मग तोच, आणि तो हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. घरात वीस वर्षे राहिलेल्या वस्तूबाबत हे किती पटींनी होत असेल? म्हणून आवरताना ‘हे टाकू का’ असे विचारण्यापेक्षा ‘हे घरात नसते तर आज विकत आणले असते का’ असे विचारावे. पुष्कळ वस्तूंचे उत्तर तत्काळ मिळते.

आवरायचा वार्षिक मुहूर्तही मराठी घरांत आधीपासून आहे. दिवाळीपूर्वी भांडी घासली जातात, जळमटे काढली जातात, लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीची पूजा होते. पण त्या साफसफाईत वस्तू माळ्यावरून उतरतात, पुसल्या जातात आणि पुन्हा माळ्यावर जातात. धूळ जाते, वस्तू राहतात. जे कष्ट दरवर्षी होतातच, त्यांना एका निर्णयाची जोड दिली तरी फरक पडेल.

साशंक : निर्णय झाला, वस्तू दाराबाहेर गेली, आणि घराच्या दृष्टीने प्रश्न संपला. वस्तूच्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो. पूर्वी दाराशी बोहारीण येई. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले घासाघीस करून मिळे, आणि ते कपडे धुऊन, सांधून, जुन्या बाजारात पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जात. खऱ्या जरीची साडी असेल तर तिची जर वितळवून चांदी निघे. रद्दीवाला, भंगारवाला यांचेही तेच. या सगळ्या व्यवहारात वस्तूचा पुढचा धनी ठरलेला होता. आता घाईने काढलेली वस्तू पुष्कळदा काळ्या पिशवीत ओल्या कचऱ्यासोबत जाते. घर हलके होते, आणि निवडण्याचे काम कचरावेचक बाईच्या हातांवर पडते. पुण्यात १९९३मध्ये कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तेव्हापासून या कचरावेचक बाया सांगत आल्या आहेत की ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा. ज्या घरांना पाव तासात खण आवरणे जमते त्यांना एवढे वेगळे करणे का जमू नये?

दानाचेही तसेच. पूर, भूकंप अशा आपत्तीनंतर मदत म्हणून फाटके, मळके, हवामानाला न चालणारे कपडे ट्रकने येऊन पडतात आणि आपत्तीत सापडलेल्यांना तेही उपसावे लागतात. १९९९मध्ये सुरू झालेली दिल्लीची ‘गूंज’ ही संस्था कपड्याचा प्रश्न धरूनच उभी राहिली : कपडा ही भीक नव्हे, तो दुसऱ्याच्या मानाचा आणि गरजेचा भाग आहे. आणि जे कोणाच्याच अंगावर जाऊ शकत नाही त्याचा प्रवास आणखी लांबचा. परदेशांतून टाकून दिलेले लोकरी कपडे हरियाणातल्या पानिपतला येतात, तिथे ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि घोंगड्या विणतात. त्या गिरण्यांतल्या धुळीत कोणी तरी काम करते. ‘टाकले’ या शब्दाने त्या माणसाचा हिशेब होत नाही.

उत्साही : याने पद्धत मोडीत निघत नाही, उलट पक्की होते. दाराशी एकच पिशवी ठेवण्याऐवजी जाण्याच्या ठिकाणाप्रमाणे वेगळ्या ठेवाव्यात. धुतलेले, बटणे शाबूत असलेले कपडे एका पिशवीत. कोरडी रद्दी, काच, पत्रा दुसरीत. चार्जर, केबल, बंद मोबाइल तिसरीत. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि त्यांत अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून त्या भंगारात न देता अधिकृत संकलकाकडे द्याव्यात. जाण्याचे ठिकाण आधी ठरले की काढणेही सोपे होते, कारण ‘वाया जाईल’ ही टोचणी उरत नाही.

काही पसाऱ्याबाबत मात्र वादाला जागा नाही. गच्चीवर, गॅलरीत, घरामागे पडलेले डबे, टायर, फुटक्या कुंड्या, प्लास्टिकचे कापड यांत पावसाचे पाणी साचते आणि त्यातच डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात : सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची. घासणे गरजेचे, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि पाणी नसतानाही महिनोन्महिने तगतात. तसेच जिन्यातले खोके, वृद्धांच्या वाटेतली पायपुसणी आणि वायरी, मुदत संपलेली औषधे. यांत आठवण नाही, बचत नाही, फक्त धोका आहे.

साशंक : तेवढे निर्विवाद. पण जिथे धोका नाही आणि उपयोगही दिसत नाही, अशा वस्तूंचे काय? खरा वाद त्यांचा आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८मध्ये काढला. त्यातली पानिपतच्या लढाईच्या काळातली पत्रे वाईला मिळालेल्या कागदांतून आली. पुढे त्यांनी गावोगाव फिरून घराघरांतली दप्तरे धुंडाळली आणि अशा खंडांची संख्या बावीसवर गेली. ते कागद ज्यांच्या घरी होते त्यांच्या दृष्टीने ते काय होते? कोणाला वाचता न येणाऱ्या मोडी लिपीतले, कसर लागलेले, अडगळीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. त्या घरांत कोणी उत्साहाने क्रमवार आवराआवर केली असती तर ‘आज विकत आणले असते का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आले असते. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, फण्या, वज्र्या, दौती जमवल्या. लोक त्या मोडीत घालत होते. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि सामान्य माणसाच्या घरात काय होते हे पाहायला तिथे जावे लागते. गोव्यात बाणावलीचे ‘गोवा चित्र’ शेतीच्या आणि घरच्या अशाच टाकून दिलेल्या अवजारांवर उभे आहे.

आणि हे केवळ संग्रहालयापुरते नाही. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा मागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांचे नाव असलेला जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, एखादे जुने खरेदीखत, यांवर नातवाचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या. ज्यांनी त्या आधीच रिकाम्या केल्या होत्या त्यांना तो कागद कोणत्याही बाजारात पुन्हा विकत मिळणार नव्हता. वस्तूचा उपयोग आज ठरवता येतो, हे आवरणाऱ्याचे मूळ गृहीतच इथे कोसळते.

उत्साही : उदाहरणे भक्कम आहेत, पण त्यांतून निघणारा धडा ‘सगळे ठेवा’ असा नाही. राजवाड्यांनी वाळवीने खाल्लेले, पावसाने लगदा झालेले, वाण्याच्या पुड्यांना गेलेले कागदही पाहिले. न उघडता ठेवलेल्या ढिगाने रद्दीवाल्याइतकेच कागद संपवले असतील. जे वाचले ते कोणी तरी उघडले, निवडले, झटकले आणि त्याची यादी केली म्हणून वाचले. केळकरांनीही वस्तू निवडल्याच. संग्रह करणे हे आवरण्याचेच एक रूप आहे. ढीग करणे मात्र दोन्हींच्या विरुद्ध आहे.

कागदांना म्हणून कपड्यांचा नियम लावू नये. त्यांची वर्गवारी वेगळी. पहिल्या वर्गात कधीही न जाणारे : खरेदीखत, सात-बाराचे आणि फेरफाराचे जुने उतारे, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, मृत्युपत्र, मोडीतला कोणताही कागद. दुसऱ्या वर्गात मुदतीचे : कराची विवरणे, विम्याच्या पावत्या, वस्तूंची हमीपत्रे. तिसऱ्यात आजचे : वीजबिल, किराण्याची पावती, कुरिअरचे पाकीट. घरातल्या कागदांच्या थप्पीत सर्वांत मोठा भाग तिसऱ्या वर्गाचा असतो आणि त्याच्याखाली पहिला वर्ग दबून जातो. आजोबांचा दाखला सापडत नाही, कारण तो दहा वर्षांच्या बिलांखाली असतो. २०१५पासून डिजिलॉकर आहे, मोबाइलने चांगली छायाप्रत काढता येते. मूळ कागद मात्र कोरड्या जागी, सुती कापडात, प्लास्टिकची पिशवी न वापरता ठेवावा. मोडी कागद जाणकाराला दाखवावा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ त्यासाठी आहेत. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहावे. नाव नसलेल्या शंभर फोटोंपेक्षा नाव लिहिलेले दहा फोटो नातवंडांच्या हाती जास्त काही देतात.

साशंक : हे सगळे करायचे कोणी? लॉस एंजेलिसमधल्या, नवरा-बायको दोघेही नोकरी करणाऱ्या घरांचा एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराबद्दल बोलताना ज्या बायकांनी पसारा, अर्धवट कामे असे शब्द जास्त वापरले, त्यांच्या शरीरातल्या कॉर्टिसॉलचा दिवसभराचा चढउतार ताणाचे लक्षण दाखवणारा होता. नवऱ्यांमध्ये तसे दिसले नाही. आवरण्याचे प्रचारक हा अभ्यास पसाऱ्याने ताण येतो असे सांगायला वापरतात. त्याचे दुसरे वाचन अधिक सरळ आहे : पसारा एकच होता, पण तो आवरण्याची जबाबदारी जिच्यावर होती तिलाच तो बोचत होता. मराठी घरांत वेगळे काय आहे? पाव तासाचा खण, तीन पिशव्या, कोरडा दिवस, कागदांची वर्गवारी, ही सगळी नवी कामे जुन्याच माणसाच्या वाट्याला येणार असतील तर घर हलके झाले तरी तिचे ओझे वाढले.

दुसरा प्रश्न मालकीचा. स्टीलच्या भांड्यावर नाव कोरलेले असते : अमक्याच्या लग्नात, तमक्याच्या बारशाला, मावशीकडून, तारीख. सुनेला तो जुना, वजनदार, ठोकलेला डबा असतो. सासूला ती माहेरच्या माणसाने दिलेली खूण असते. गावचे घर बंद करून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या आईवडिलांच्या हातात त्यांच्या घराचे उरलेले तेवढेच असते. ते ‘आवरणे’ म्हणजे त्यांना सांगणे की तुमचे इथे काही नाही. आणि काही माणसांत वस्तू सोडणे जवळजवळ अशक्य होते. २०१३पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात तो स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे. त्यांचे घर त्यांच्यामागे रिकामे केले तर त्रास वाढतो, विश्वास जातो आणि घर पुन्हा भरते. तिथे उपचाराची गरज असते, झाडूची नाही.

उत्साही : दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याने काढू नये, हा पहिला नियम मानायलाच हवा आणि बहुतेक सोप्या पद्धतींत तो पुरेशा ठळकपणे सांगितलेला नसतो. आवरणे आपल्या कपाटापासून सुरू करावे आणि तिथेच थांबावे. सामायिक वस्तूंसाठी जागेची मर्यादा ठरवावी, वस्तूंची नव्हे : या फडताळात मावेल तेवढे; कोणते, ते ज्याचे त्याने ठरवावे. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांनी २०१७च्या पुस्तकात जी रीत सांगितली ती वयस्क माणसाने स्वतःच, हयातीत, आपल्या वस्तू वाटून टाकण्याची आहे. देताना वस्तूची हकीकतही सांगायची. नाव कोरलेला डबा असा आजीच्या हातून नातीकडे गेला तर तो पसारा राहत नाही.

श्रमाच्या प्रश्नाला उत्तर दाराशी आहे. जे आत आले नाही ते आवरावे लागत नाही. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापण्याची पद्धत मराठी समाजाने स्वतःहून रुजवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटायचे वाण मात्र बहुतांश प्लास्टिककडे गेले. दहा घरी गेलेली बाई दहा लहान डबे घेऊन परतते. तिथे वाण म्हणून गूळ, भाजीचे बी किंवा उसाची कांडी दिली तर सण तसाच राहतो आणि फडताळ मोकळे राहते. एक वस्तू आली तर त्या जातीची एक जाईल, हा नियम कपडे, चपला आणि डब्यांना उत्तम लागतो. फोनलाही तेच : गटांमधले चित्रफितींचे आपोआप उतरणे बंद करावे, सूचना फक्त फोन आणि कामाच्या संदेशांच्या ठेवाव्यात. दिवसातला पसाराही असाच आत येतो. ‘बघू’ म्हणून स्वीकारलेले प्रत्येक आमंत्रण आणि प्रत्येक समिती नंतर आवरावी लागते.

साशंक : इथे दोन्ही बाजू सर्वांत जवळ येतात, आणि इथेच सोप्या आवराआवरीची सर्वांत मोठी उणीव उघडी पडते. जैन आचारात आणि पातंजल योगातल्या यमांत अपरिग्रह आहे. तो घेण्याच्या क्षणी पाळायचा असतो. घेऊन, वापरून, कंटाळून मग काढणे हे त्यापासून फार दूर आहे. रिकामे कपाट नव्या सेलला आमंत्रण देते, जुने द्या नवे घ्या अशा योजना त्याच रिकामेपणावर चालतात, आणि काढणे जितके सोपे तितके घेणे निष्काळजी होते. एका पिढीने तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन स्टील घेतले. पुढच्या पिढीने स्टील बाजूला सारून नॉनस्टिक घेतले. आता तीच पितळेची पातेली शोभेसाठी दुप्पट-तिप्पट भावाने विकत आणली जातात. या तिन्ही वेळी घर ‘आवरलेच’ होते.

उत्साही : तरीही ३०० चौरस फुटांत राहणाऱ्या कुटुंबाला अपरिग्रहाचा उपदेश करून आजचा खण रिकामा होत नाही. त्याला आज रात्री अंथरूण घालायचे आहे.

साशंक : बरोबर, आणि म्हणून प्रश्न आणखी टोकदार होतो. वाड्यात दप्तर टिकले कारण वाड्यात अडगळीची खोली होती. इतिहासाला सापडली ती ज्यांच्याकडे जागा होती त्यांची पत्रे. गिरणी कामगाराचा हजेरीचा बिल्ला, खानावळवालीची हिशेबाची वही, संपाच्या काळातले पत्रक, गावी पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या, हे सारे १६० चौरस फुटांत होते आणि अंथरुणाला जागा करताना आधी तेच गेले. आता बीडीडी चाळी पाडून ५०० चौरस फुटांची घरे दिली जात आहेत. सामान बांधताना नव्या घराला शोभेल ते बरोबर जाते आणि बाकीचे भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. जुने काय, नकोसे काय, हे प्रत्येक कुटुंबाने एकट्याने, जागेच्या दडपणाखाली, थोड्या दिवसांत ठरवायचे असते. वैयक्तिक युक्त्या कितीही चांगल्या असल्या तरी त्या या विषमतेला हात घालत नाहीत.

उत्साही : मग तो भार एकट्या कुटुंबावर ठेवू नये. गावाच्या ग्रंथालयात, शाळेत, पुनर्विकास होणाऱ्या वसाहतीच्या सोसायटीत एक कपाट सामान्य घरांच्या कागदांसाठी असावे. कुटुंबाने देताना नाव, साल आणि चार ओळींची हकीकत लिहून द्यावी. घर मोकळे होईल आणि कागदही राहील.

साशंक : ते कपाट कोणी उघडायचे, त्याला वाळवी लागणार नाही हे कोणी पाहायचे आणि कोणाचे कागद आत घ्यायचे, हे ठरवणारी माणसे हवीत. केळकरांना वस्तू जमवायला आणि सांभाळायला आयुष्य द्यावे लागले. आणि कुटुंबाने आपला खाजगी कागद परक्या कपाटात ठेवण्याइतका विश्वास कोणावर टाकावा, हेही अजून कोणी नीट मांडलेले नाही.

उत्साही : नाही मांडलेले. तोवर एवढे तरी व्हावे. या दिवाळीत डबे, चपला, केबल, पिशव्या हव्या तितक्या घाईने काढाव्यात, वाण प्लास्टिकचे घेऊ नये आणि देऊ नये. पण ट्रंकेतला कागदाचा गठ्ठा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाबरोबर बसून, वाचून झाल्याशिवाय रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नये. आणि जो कागद घरात कोणालाच वाचता येत नाही तो तर मुळीच नाही.